मार्कर हातात आला की हात अवघडतो

पत्र थोडक्यात असं: वाचक डोंबिवलीच्या, वय एकोणतीस. डिप्लोमा करून मग नोकरी सांभाळत डिग्री केली. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहेत, घरगुती उपकरणांची प्लास्टिक हाउसिंग (बाहेरची कवचं) करतात. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढण्याच्या सॉफ्टवेअरवर, हुकमत आहे. पण नवे साहेब मीटिंगमध्ये 'मॉडेल नंतर बघू, आधी इथे काढून दाखवा' म्हणत मार्कर पुढे करतात. मागच्या महिन्यात झाकणाची क्लिप आत कशी अडकते ते दाखवायचं होतं. यांनी हाउसिंग थ्री-डी काढायला घेतली, रेषा वाकड्या गेल्या, 'हे काय, कोंबडीचे पाय?' असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्यातच डिझाइन कॉलेजमधून नुकतीच आलेली एक ज्युनिअर चहा संपेपर्यंत कागदावर चकचकीत मिक्सर काढून मोकळी होते. शाळेत एलिमेंटरीला यांना 'सी' ग्रेड होती आणि ड्रॉइंगचे सर म्हणाले होते, 'तुझा यात हात नाही.' आता त्या विचारतात: सीईईडी (डिझाइनची प्रवेश परीक्षा) देऊन एम.डेस. (डिझाइनची मास्टर्स पदवी) करू? हप्त्यावर पेन टॅबलेट घेऊ? शनिवार-रविवारचा स्केचिंग क्लास लावू? की कॅडच्या जमान्यात हे कशाला, असं साहेबांना सरळ सांगू? शेवटी एक ओळ: 'मी डावखुरी आहे, त्याचा काही संबंध असेल का?'

नमस्कार,

तुम्ही रेषांबद्दल बरंच लिहिलं आहे, पण मी अडकलो त्या क्लिपपाशी. साहेबांचा प्रश्न होता, क्लिप आत कशी अडकते? आणि तुम्ही काढायला घेतली अख्खी हाउसिंग, तीही तिरक्या कोनातून, सगळ्या गोलाईंसकट. ते चित्र छापून यावं इतकं सुबक आलं असतं तरी क्लिप त्यात दिसली नसती. ती आतल्या बाजूला आहे. तेव्हा त्या दिवशी हात गडबडला त्याआधीच व्ह्यू (वस्तू कुठल्या बाजूने दाखवायची ते) चुकला होता, आणि व्ह्यू निवडण्याचं शिक्षण तुम्ही पूर्ण घेतलेलं आहे.

तिथे सेक्शन हवा होता, म्हणजे वस्तू कापली आहे असं समजून आतलं दाखवणारं चित्र. दोन उभ्या समांतर रेषा, ही हाउसिंगची भिंत. भिंतीत एक खिडकी. आतल्या बाजूने झाकणावरून खाली आलेली बारीक पट्टी, तिच्या टोकाला भिंतीकडे वळलेला आकडा. आकड्याची खालची बाजू तिरकी, म्हणून झाकण दाबलं की पट्टी आत झुकते आणि सरकते. वरची बाजू सपाट, म्हणून खिडकीत शिरल्यावर परत सुटत नाही. कापलेल्या भागात तिरप्या रेघा, दाबण्याच्या दिशेला बाण. दहा-बारा रेषांचं काम, आणि त्यातली एकही फार लांब नाही. हे काढल्याबरोबर टूलरूमचा, म्हणजे मोल्ड (साचे) बनवणाऱ्या विभागाचा, माणूस विचारणार, 'मॅडम, आकड्याच्या वरच्या बाजूने मोल्ड सुटणार कसा?' मग तुम्ही त्याच चित्रात झाकणाला, आकड्याच्या बरोबर डोक्यावर, एक भोक दाखवणार, म्हणजे कोअर (साच्याचा आत शिरणारा भाग) सरळ तिथून येऊन जाईल. भोक चालत नसेल तर साइड कोअर (बाजूने सरकणारा भाग) आला आणि मोल्डची किंमत वाढली. ही चर्चा व्हावी म्हणूनच तर साहेब मार्कर पुढे करत असावेत. रेषा किती सरळ आहे, याकडे त्या वेळी कोणाचं लक्षही जात नाही.

सरावाला घरातलाच कुकर घ्या, आतून झाकण बसणारा असेल तर उत्तम. तो मधोमध उभा कापला आहे असं समजा आणि फक्त एकच बाजू काढा. भिंत वर येते, तोंडापाशी आत वळते. त्या वळलेल्या काठाच्या खाली झाकणाची कड, दोघांच्या मध्ये रबराची रिंग, आणि आतून वर जाणारा एक बाण: वाफेचा दाब. शिट्टी नको, दांडा नको. वाफ जितका जोर करेल तितकं झाकण काठाला घट्ट दाबलं जातं आणि दाब असेपर्यंत उघडत नाही, हे या चार रेषांतच दिसतं. आता दुसरा प्रश्न विचारा. तोंडापेक्षा मोठं झाकण आत गेलंच कसं? तुमचा सेक्शन इथे गप्प बसतो. त्यासाठी वरून बघावं लागतं: तोंड आणि झाकण दोन्ही पूर्ण गोल नसून किंचित लंबगोल असतात, म्हणून झाकण तिरकं करून, फिरवून आत घालता येतं. वस्तू एकच, पण प्रश्न बदलला की व्ह्यू बदलतो.

वास्तुरचनेतही हेच चालतं. कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत, चार्ल्स कोरियांची, १९८३ साली पूर्ण झालेली. रस्त्यावरून दिसतात त्या कोपऱ्यांतल्या दुमजली उंचीच्या गच्च्या. वरखालची घरं एकमेकांत कशी गुंतवली आहेत ते कळायला सेक्शनच बघावा लागतो. कधी संधी मिळाली तर तो जरूर बघा.

आता त्या 'सी' ग्रेडबद्दल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. तुमच्या आजच्या कामाशी सख्खं नातं यातल्या फक्त भूमितीच्या पेपरचं. बाकी तिन्हींत रंग, छायाप्रकाश, मांडणी यांना गुण. सरांनी आठवीतल्या मुलीची घागर बघून केलेलं निदान तुम्ही इतकी वर्षं बाळगलंत, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या सरांना स्नॅप-फिटचा, म्हणजे अशा दाबून अडकणाऱ्या क्लिपचा, सेक्शन कोणी दाखवला नव्हता.

कॉलेजनेही थोडं नुकसान केलं. मी पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं ड्रॉइंग शिकवलं, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग, म्हणजे 'ईडी' (तेव्हा ईडीची धास्ती फक्त विद्यार्थ्यांना असायची), पूर्ण मिनी ड्राफ्टर (रेषा मारायचं पट्ट्यांचं साधन) आणि कंपासवर चालायचं. लोकलमध्ये सॅकमधून डोकावणारा तो ड्राफ्टर दिसला की पोरगं फर्स्ट इयरचं हे डबाभर कळायचं. फ्रीहँड स्केचिंग अभ्यासक्रमात असायचं, पण शीटा पुऱ्या करण्याच्या घाईत ते बाजूला पडायचं, आणि काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट उतरवणाऱ्यांचं तर विचारूच नका. इंजिनिअर होऊनही मोकळ्या हाताने रेषा मारायची भीती वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. अशी पत्रं या सदराकडे अधूनमधून येतच असतात.

'कॅडच्या जमान्यात हे कशाला' हा प्रश्न साहेबांना विचारण्याआधी रोज कॅडमध्ये तुम्ही काय करता ते आठवा. आधी प्लेन निवडता. त्यावर प्रोफाइल काढता. सॉफ्टवेअरमध्ये त्या पायरीला स्केचच म्हणतात. मग ते एक्स्ट्रूड करता, म्हणजे त्याला जाडी देता. कागदावर आयसोमेट्रिकही (तीन बाजू एकत्र दाखवणारं तिरकं चित्र) याच क्रमाने काढायचं असतं. समोरचं तोंड आधी काढा, त्याच्या कोपऱ्यांतून एकाच दिशेला फिक्या रेषा मागे न्या, आणि मागचं तोंड जोडा. तीस अंशाचा कोन अंदाजे चालतो. समांतर रेषा मात्र समांतर राहायला हव्यात, डोळ्याला तेच आधी खटकतं. म्हणजे पद्धत तुम्हाला येतेच, कागदावर ती वापरायची सवय नाही इतकंच.

शिवाय कॅडची एक अडचण आहे. ते पहिल्या मिनिटाला माप मागतं. भिंत दोन मिलिमीटर की अडीच, हे ठरायच्या आधीच काहीतरी आकडा टाकावा लागतो, आणि मग तो कच्चा विचार पडद्यावर इतका पक्का दिसतो की मीटिंगमध्ये लोक फिलेटच्या (कोपऱ्याच्या गोलाईच्या) रेडियसवर वाद घालू लागतात. मूळ कल्पना बरोबर आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. बोर्डावरचं ओबडधोबड चित्र बघून कोणालाही 'हे असं केलं तर?' म्हणायला संकोच वाटत नाही. साहेबांची बाजू मला पटते ती एवढ्यासाठी.

हाताचं तंत्र मात्र आहे, नाही असं नाही.

सरळ रेषेसाठी दोन ठिपके द्या. पेन पहिल्या ठिपक्यावर, नजर दुसऱ्यावर. पेनाच्या टोकाकडे बघत राहिलं की हात वाटेत सारख्या दुरुस्त्या करतो आणि रेषा थरथरते. कागदाला न टेकवता एक-दोनदा त्या वाटेने हात फिरवून घ्या, मग एका दमात ओढा. बोटभर रेषेला मनगट पुरतं. वीतभर रेषा मनगटातून मारायला गेलात तर ती वाकणारच, कारण एका जागी टेकलेलं मनगट चाप काढतं. तिथे हालचाल कोपरातून आणि खांद्यातून हवी. प्रत्येकाच्या हाताला एक दिशा सोपी असते, तेव्हा खुशाल कागद फिरवा. रेषा मध्येच किंचित लहरली तर लहरू दे. सुरुवात आणि शेवट जागेवर असले की डोळा तिला सरळच मानतो. तीच रेषा चार वेळा खरडून केसाळ करू नका, चित्र खरं बिघडतं ते त्याने.

पहिली फेरी अगदी फिकी: बाहेरची चौकट, सेंटर लाइन, मुख्य भागांच्या जागा. प्रमाण इथेच ठरवायचं. लांबी रुंदीच्या दीडपट की दुप्पट, एवढा अंदाज पुरे. मग ज्या रेषा हव्यात त्यांवरूनच गडद हात फिरवा. फिक्या रेषा राहिल्या तरी बिघडत नाही, त्यामुळे खोडरबर काही दिवस ड्रॉवरमध्येच ठेवा. मापांसाठी ओळखीच्या वस्तू लक्षात असू द्या. एटीएम कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर. स्वतःची वीत एकदा स्केलवर मोजून ठेवा. बोल्ट काढताना पुस्तकातला ठोकताळा चालतो: षटकोनी डोक्याची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रुंदी व्यासाच्या सुमारे दुप्पट, नटची उंची साधारण व्यासाइतकी. आटे एकेक काढत बसू नका, आतल्या बाजूला दोन बारीक समांतर रेषा पुरतात.

वर्तुळासाठी आधी चौकोन काढा, बाजूंचे मध्य आणि दोन्ही कर्ण घ्या. केंद्रापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण सात दशांशावर, कर्णांच्या चारही अर्ध्या भागांवर, खूण करा. बाजूंचे चार मध्य आणि या चार खुणा जोडल्या की वर्तुळ जमतं.

बहुतेकांची गाडी अडते ती लंबगोलापाशी. तिरक्या बाजूवरचं भोक काढताना ते भोक कोसळल्यासारखं दिसतं, आणि दोष हाताला दिला जातो. कारण बहुधा वेगळंच असतं. भोकात सरळ पेन्सिल खुपसली आहे असं समजा. पेन्सिलीचा आस कागदावर ज्या दिशेला जातो, लंबगोलाचा आखूड व्यास त्याच दिशेत. लांब व्यास त्याला काटकोनात. वरच्या तोंडावरच्या भोकाचा लांब व्यास आडवा येतो, पण बाजूच्या तोंडावर तो कललेला असतो. लोक सवयीने तो तिथेही उभा किंवा आडवा काढतात. आयसोमेट्रिकमध्ये आखूड व्यास लांब व्यासाच्या सुमारे ५८ टक्के असतो, म्हणजे निम्म्याहून जरासा जास्त. आणि टोकं निमुळती करू नका, ती गोलच असतात. एवढा एकच नियम घट्ट धरलात तरी तुमची चित्रं चटकन सुधारलेली दिसतील, असं माझं मत आहे.

सराव कधी? सकाळच्या फास्ट लोकलमध्ये खिशातला मोबाइल काढायला हात हलत नाही, तिथे वही कुठली. पण बघण्याचा सराव गर्दीत मस्त होतो. डोक्यावरचं हँडल पाइपला कसं अडकवलंय? ते कुठल्या दिशेला झुलतं, कुठल्या दिशेला अडतं? खिडकीचं शटर कशात सरकतं? एकच गोष्ट नीट बघा आणि रात्री आठवून काढा. जो भाग आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच बघा. ऑफिसमधले एका बाजूला कोरे प्रिंटआउट पुरतात, बॉलपेन चालतं. दुसरा एक उपाय मला फार आवडतो: स्वतःच्याच कॅड मॉडेलचा प्रिंट काढा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि बदल हाताने काढा. मापं आणि कोन खालून मिळतात, हात मोकळा राहतो. आणि साहेबांसमोर ठेवायलाही ते चांगलं दिसतं.

बोर्डाचं तंत्र थोडं वेगळं. मोठं काढा, क्लिप खरी बोटाएवढी असली तरी बोर्डावर हातभर हवी. लांब रेषेला हाताबरोबर पायांनीही एक पाऊल सरका. पहिली रेषा सेंटर लाइनची किंवा भिंतीची, आणि काढता काढता बोला: 'ही भिंत, हे झाकण, हे दाबलं की हे इकडे झुकतं.' भागांची नावं लिहा. व्ह्यूंची नावं तर नक्कीच लिहा. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली. अमेरिकन कस्टमरच्या ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल, तो वर. घाईत हा घोळ होतो आणि भोक उलट्या बाजूला पडल्याचं मोल्ड आल्यावर कळतं. मार्कर पुढे आला की लगेच उठण्याऐवजी एक प्रश्न विचारा: 'सर, नेमकं काय बघायचंय, अडकतं कसं की बाहेरून दिसतं कसं?' उत्तर काय येईल त्यावर व्ह्यू ठरतो.

'बाहेरून दिसतं कसं' असं उत्तर आलं तर मार्कर बेधडक तुमच्या ज्युनिअरकडे द्या. तिचं काम ते आहे, तिने वर्षानुवर्षं तेच घोटलंय. तिच्या चकचकीत मिक्सरशी तुमच्या क्लिपची तुलना करण्यात अर्थ नाही. पण पत्रात तिच्याबद्दल जरा कडवट सूर लागलाय, तो सोडलात तर तुमचाच फायदा. ती मिक्सर काढते तेव्हा शेजारी बसून बघा. चमक शेवटी येते, आधी फिके डबे, आस, मागची न दिसणारी कडसुद्धा ती काढून घेत असणार. तिला म्हणा, मला लंबगोल शिकव, मी तुला ड्राफ्ट अँगल (वस्तू साच्यातून सुटावी म्हणून दिलेला उतार) आणि भिंतीची जाडी शिकवते. डिझाइन कॉलेजमधून नव्याने आलेल्या मुलांना ही मदत हवीच असते, कोणी देऊ करत नाही.

खर्चाचं बोलू. टॅबलेट आत्ता नको. बघायचं पडद्यावर आणि हात चालवायचा खाली टेबलावर, ही सवयच वेगळी. शिकताना एक अडचण वाढते आणि वर हप्ता. क्लास लावायला हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांच्या वह्या बघायला मागा. गाड्या आणि बुटांची रंगीत चित्रंच दिसली तर तो क्लास तुमच्यासाठी नव्हे. सेक्शन, एक्स्प्लोडेड व्ह्यू (भाग सुटे करून दाखवणारं चित्र), यंत्राचे भाग दिसले तर विचार करा.

आणि सीईईडी. आयआयटी मुंबई घेते ती परीक्षा, त्यात स्केचिंगही असतं. पवईचं आयडीसी, म्हणजे त्याच आयआयटीचं डिझाइन स्कूल, १९६९ पासून डिझाइन शिकवतंय, आणि तुमच्यासारखे मेकॅनिकलवाले तिथे जातात. वस्तू कोणासाठी, कशी वापरली जाते याचं कुतूहल तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल तर जरूर बसा परीक्षेला. पण पत्रात मला ते कुतूहल दिसलं नाही, मीटिंगमधला अपमान दिसला. दोन वर्षं आणि नोकरी पणाला लावायला ते कारण मला अपुरं वाटतं. सहा महिने वही भरा, मग परत विचार करा.

तो हशा लागला, ते साहजिक आहे. 'कोंबडीचे पाय' म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी मार्कर देऊन बघण्याचा मोह होईल. टाळा. तो बहुधा तुमच्याहून घाबरलेला असेल.

राहिलं डावखुरेपण. संबंध आहे, पण थोडाच. बोर्डावर डावीकडून उजवीकडे गेलात की तुमचाच हात ओल्या मार्करवरून फिरतो आणि चित्र पुसतं. लिहिताना इलाज नाही, चित्राला मात्र तशी सक्ती नाही. उजव्या बाजूने सुरुवात करा, आडव्या रेषा उजवीकडून डावीकडे ओढा, आणि चित्राच्या उजव्या बाजूला उभ्या राहा. डावा हात चित्रापर्यंत सहज पोचतो आणि समोरच्यांना तुमची पाठ न दिसता चित्र दिसतं. कागद उजव्या हातवाल्यांच्या उलट दिशेला कलवा. आणि बोर्डाच्या कडेला टेबल-खुर्ची सरकवून ठेवलेली असेल तर मीटिंगआधी ती हलवून घ्या, नाहीतर उभं राहायला जागाच उरणार नाही.